'स्टेअरवे' पहिले, पण कोणत्या हिशेबाने?

प्रति,
संपादक महोदय यांस,

विषय: रविवार पुरवणीतील लेड झेपलिनच्या 'सर्वोत्तम दहा गाण्यांची' यादी

स. न. वि. वि.

मराठी दैनिकाच्या पुरवणीत लेड झेपलिन या ब्रिटिश रॉक बँडला अर्धे पान मिळाले, याबद्दल आधी आभार. तक्रार त्यानंतरची. यादीत 'स्टेअरवे टू हेवन' पहिले, 'इमिग्रंट साँग' दुसरे, 'कश्मीर' पाचवे. दहापैकी चार गाणी एकट्या चौथ्या अल्बममधली, १९७५ नंतरचे एकही नाही आणि 'सिन्स आय हॅव बीन लव्हिंग यू'चा तर पत्ताच नाही. क्रम पटला नाही म्हणून पत्र लिहिलेले नाही. असा क्रम कुणालाच पटत नसतो, भांडायला मिळावे म्हणून तर तो लावायचा. पण यादीखाली बारीक अक्षरात म्हटले आहे की वाचकांकडून प्रत्येकी एका आवडत्या गाण्याचे नाव मागवले आणि ती मते मोजली. घोळ तिथेच झाला.

नऊ जणांचा हिशेब मांडून पाहू. चौघांचे मत 'स्टेअरवे'ला, तिघांचे 'कश्मीर'ला, दोघांचे 'व्हेन द लेव्ही ब्रेक्स'ला. एकेरी मोजणीत 'स्टेअरवे' पहिले, विषय संपला. आता त्याच नऊ जणांकडून पाच-पाच गाणी क्रमाने लिहून घ्या. पहिल्याला पाच गुण, पाचव्याला एक. समजा 'स्टेअरवे'वाल्या चौघांनी दुसरे 'कश्मीर' आणि तिसरे 'लेव्ही' लिहिले. उरलेल्या पाच जणांनी पहिल्या दोन जागा आपल्या आवडीप्रमाणे 'कश्मीर' आणि 'लेव्ही'ला दिल्या आणि 'स्टेअरवे'ला पाचवी. बेरीज करा: 'कश्मीर' ३९, 'लेव्ही' ३४, 'स्टेअरवे' २५. माणसे तीच, कानही तेच, तरी पहिले गाणे तिसरे झाले. कारण साधे आहे. ज्यांनी या बँडची पाच-पंचवीस गाणी ऐकली आहेत त्यांची मते वाटली जातात. ज्यांनी एकच ऐकले आहे त्यांची मते एका ठिकाणी पडतात. एकेरी मतात सर्वांत प्रसिद्ध गाणे निघते. मथळा 'सर्वोत्तम' असा होता.

गुणांच्या पद्धतीलाही चोरवाट आहे. 'स्टेअरवे' वर चालले आहे असा सुगावा लागला की विरुद्ध बाजूचे लोक ते मुद्दाम यादीतून गाळतात, मग ते त्यांना मनातून कितीही आवडत असो. म्हणून चिठ्ठ्या चर्चेआधी गोळा करायच्या, नंतर नाही. आणि न ऐकलेले गाणे व नावडते गाणे हे दोन वेगळे खाने ठेवायचे. 'प्रेझेन्स' हा अल्बम ज्याने कधी लावलाच नाही, त्याने त्यातल्या 'अकिलीस लास्ट स्टँड'ला मत दिले नाही यावरून त्या गाण्याबद्दल काहीच सिद्ध होत नाही.

मोजायचे काय, हे आधी ठरवा. १९६९ ते १९७९ या काळात आठ स्टुडिओ अल्बम आले. त्यांत अनुक्रमे ९, ९, १०, ८, ८, १५, ७ आणि ७, म्हणजे ७३ गाणी. ड्रमवादक जॉन बॉनम गेल्यावर १९८२ मध्ये आलेला 'कोडा' हा उरलेल्या तुकड्यांचा गठ्ठा आहे, तो बाजूला ठेवला तरी चालेल. 'हे हे व्हॉट कॅन आय डू' हे 'इमिग्रंट साँग'च्या अमेरिकी सिंगलच्या मागच्या बाजूचे गाणे मात्र लोक हमखास विसरतात. ते घ्यायचे की नाही याचा निर्णय यादीच्या वरच लिहावा. आठही अल्बम सलग ऐकायला साडेसहा तासांहून थोडा कमी वेळ लागतो. एका रविवारचे काम. सिंगल किती खपले हा निकष इथे लंगडा पडतो, कारण हयातीत या बँडने ब्रिटनमध्ये एकही सिंगल काढले नाही. डिजिटल आकड्यांचेही तेच. त्यांची गाणी विकत उतरवून घेता येऊ लागली २००७ च्या नोव्हेंबरात आणि मोठ्या स्ट्रीमिंग सेवेवर आली डिसेंबर २०१३ मध्ये. त्यानंतर २०१७ च्या एका सुपरहिरोपटात 'इमिग्रंट साँग' वाजले आणि ते नव्या कानांपर्यंत पोचले. आपल्या यादीतला दुसरा क्रमांक त्याच लाटेवर आला असावा, असा आमचा संशय आहे. गाणे वाईट नाही. अडीच मिनिटांत एवढी दहशत फार थोड्यांना जमते. पण दुसरे?

आता खास आपल्याकडची अडचण. ठाण्याहून वाशीला जाणारा माणूस चौथा अल्बम कानाला लावून ट्रान्स-हार्बर लोकलमध्ये चढतो. पहिल्या बाजूची चार गाणी ('ब्लॅक डॉग', 'रॉक अँड रोल', 'बॅटल ऑफ एव्हरमोर', 'स्टेअरवे') मिळून साडेबावीस मिनिटांची. पाचवे 'मिस्टी माउंटन हॉप' साडेचार मिनिटांचे. गाडी वेळेवर असेल तर 'फोर स्टिक्स' सुरू होते न होते तोच वाशीचा फलाट येतो. 'लेव्ही' आठवे आणि शेवटचे. वाशीचा प्रवासी आठवडाभर रोज हा अल्बम लावेल आणि त्या गाण्यापर्यंत कधी पोचणार नाही. पनवेलची गाडी पकडणाऱ्याला ते मिळते. चेष्टा वाटेल, पण जिथे यादीत आलेली चौथ्या अल्बमची चारही गाणी त्याच्या पहिल्या निम्म्या भागातली निघतात, तिथे हे कारण तपासून पाहावे. उपाय सोपा: ऐकताना क्रम उलटा लावा.

लोकलमध्ये दुसराही खोडा आहे. डब्याची घरघर खालच्या पट्टीतली असते आणि ती खालच्याच आवाजांना गिळते. जॉन पॉल जोन्सचा बेस आणि बॉनमचा बेस ड्रम तिथेच राहतात. वर उरतो प्लांटचा गळा आणि पेजची गिटार. प्रवासात ठरवलेल्या यादीत त्यामुळे गळ्याची गाणी वर जातात आणि ठेक्याची खाली. मोबाइलच्या किंवा तळहाताएवढ्या ब्लूटूथ स्पीकरवर तर शंभर हर्ट्झच्या खालचे जवळपास काहीच येत नाही, मग गाडी असो वा घर. ऐकण्याचे साधन नीट आहे का हे पाहायला दोन खुणा आहेत. 'सिन्स आय हॅव बीन लव्हिंग यू'मध्ये बॉनमच्या पायाखालचे पेडल कुरकुरते; ते रेकॉर्डिंगमध्ये तसेच राहिले आहे. आणि 'द ओशन'मध्ये दीड मिनिट उलटून गेल्यावर मागे कुठेतरी टेलिफोन वाजतो. ही दोन्ही ऐकू आली तर मत द्यायला बसा.

आवाजाची पातळी सारखी ठेवणे हे सर्वांत कंटाळवाणे आणि सर्वांत गरजेचे काम. एका प्रतीचा आवाज एखादा डेसिबल जास्त असला तरी कान त्याला 'मोठा' म्हणत नाही, 'चांगला' म्हणतो. झेपलिनच्या सीडींच्या एकाहून अधिक पिढ्या आहेत: सुरुवातीच्या, १९९० च्या संचातल्या, २००७ च्या 'मदरशिप' संकलनातल्या आणि २०१४-१५ मध्ये पेजने पुन्हा काढलेल्या. 'मदरशिप'वरच्या प्रती जोरात वाजतात. त्यांच्या शेजारी जुन्या सीडीवरचे गाणे लावले तर ते बिचारे मार खाते. सगळी गाणी एकाच पिढीच्या प्रतींतून घ्या. २०१४-१५ ची मालिका सहज मिळते. ॲपमध्ये पातळी समान ठेवण्याची सोय असते, ती चालू करा. यूट्यूबवरच्या कुणी तिसऱ्यानेच चढवलेल्या प्रती टाळा. पकडले जाऊ नये म्हणून त्यांचा वेग किंवा पट्टी पुष्कळदा किंचित सरकवलेली असते.

मैफिलीतली ध्वनिमुद्रणे वेगळ्या यादीत ठेवा. 'डेझ्ड अँड कन्फ्यूज्ड' पहिल्या अल्बमवर साडेसहा मिनिटांचे आहे. १९७३ च्या न्यूयॉर्कच्या मैफिलींतून काढलेल्या थेट अल्बमवर तेच तबकडीची एक अख्खी बाजू व्यापणारा, सव्वीस मिनिटांवरचा पसारा होते. ख्याल आणि त्याची तीन मिनिटांची तबकडी यांना एका रांगेत उभे करण्यासारखे आहे हे. नेरूळच्या डी. वाय. पाटील स्टेडियममध्ये यू-टू (२०१९) आणि कोल्डप्ले (२०२५) येऊन गेले; झेपलिनची तशी वाट पाहण्यात अर्थ नाही. बॉनम २५ सप्टेंबर १९८० रोजी गेला आणि त्याच डिसेंबरात बाकीच्या तिघांनी थांबल्याचे जाहीर केले. थेट वादनाचा न्याय करायचा तर २००३ मध्ये निघालेला, १९७२ च्या कॅलिफोर्नियातल्या दोन मैफिलींचा 'हाउ द वेस्ट वॉज वन' घ्यावा. 'मोबी डिक' स्टुडिओत चार-साडेचार मिनिटांचे आणि बेताचेच आहे. बॉनमने त्यात काय केले असते ते तिथे कळते.

वाद शेवटी तीन गाण्यांवर येतो. 'स्टेअरवे'ची बांधणी निर्दोष आहे, हे आधी कबूल. सुरुवातीला फक्त ॲकूस्टिक गिटार आणि जोन्सच्या रेकॉर्डर बासऱ्या. ड्रम यायला सव्वाचार मिनिटे लागतात. तोवर लय नकळत चढत जाते. सोलो पेजच्या नेहमीच्या लेस पॉल गिटारवर नाही, जुन्या टेलिकास्टर गिटारवर आहे. म्हणून तो धारदार आणि पातळ वाजतो. विलंबितापासून द्रुतापर्यंत आठ मिनिटांत नेणारे गाणे मराठी कानाला लगेच उमगते, यात नवल नाही. पण त्याचे सगळे बळ त्या चढणीत आहे. शिखर कुठे येणार हे कळून गेल्यावर पन्नासाव्यांदा ऐकताना आपण वाट पाहत बसतो.

'लेव्ही'त चढण नाही. पहिल्या ठोक्यालाच सगळे हजर. तो ठोका कसा मिळाला ते ऐकण्यासारखे आहे. हॅम्पशायरमधल्या हेडली ग्रेंज या जुन्या घरात बॉनमचे ड्रम दिवाणखान्यातून उचलून उंच छताच्या जिन्याखालच्या दालनात मांडले. ध्वनिमुद्रक अँडी जॉन्सने वर जिन्यावरून बायरडायनॅमिक कंपनीचे एम-१६० जातीचे दोन माईक खाली सोडले. बेस ड्रमजवळ वेगळा माईक नाही, काही नाही. तो आवाज बिनसन एकोरेक या इटालियन प्रतिध्वनियंत्रातून काढला, म्हणून प्रत्येक ठोक्यामागे त्याची सावली पडते. शिवाय गाणे जलद वाजवून टेप मंद केली. त्याने सगळेच जड आणि ओलसर झाले. बरोबर गिटार वाजवायला बसणाऱ्याला पट्टी नीट जुळत नाही ती यामुळे. आपली गिटार बिघडली असे समजून कान पिळू नयेत. 'नो क्वार्टर'लाही अशीच मंद टेप आहे.

यावर रास्त आक्षेप असा की 'लेव्ही' मुळात त्यांचे नाही. मिसिसिपीच्या १९२७ च्या महापुरावर मेम्फिस मिनी आणि कॅन्सस जो मॅकॉय या जोडीने ते १९२९ मध्ये गायले. शब्द बरेचसे तिथले, चाल आणि आवाज इथला. श्रेयात मेम्फिस मिनीचे नाव आहे, ही त्यातल्या त्यात जमेची बाजू. सगळीकडे तसे झाले नाही. 'होल लोटा लव्ह'साठी विली डिक्सनला कोर्टात जावे लागले आणि बाहेर तडजोड झाली. 'डेझ्ड अँड कन्फ्यूज्ड'मागे जेक होम्सचे १९६७ चे गाणे आहे, त्याचे नाव पुष्कळ उशिरा लागले. 'बेब आय ॲम गोना लीव्ह यू' आधी 'पारंपरिक' म्हणून छापले होते, ते ॲन ब्रेडनचे निघाले. 'स्टेअरवे'वरचा दावा मात्र टिकला नाही: २०१६ मध्ये ज्यूरीने आणि २०२० मध्ये अपील न्यायालयाने झेपलिनच्या बाजूने निकाल दिला. उसनी गाणी यादीतून काढावीत असे आमच्यातल्या काहींचे म्हणणे. बाकीच्यांचे म्हणणे, मग पहिल्या अल्बमचे उरते काय? तडजोड म्हणून अशा गाण्यांपुढे फुली करून मूळ नाव छापावे. पुरवणीला दोन ओळी जास्त लागतील इतकेच.

'कश्मीर'. ड्रम साधे चारचे, रिफ (गिटारची पुन्हापुन्हा येणारी धून) तीनची. दोघे आपापल्या वाटेने चालतात आणि बारा मात्रांनी एकत्र येतात. तबला ऐकणाऱ्याला ही सम शोधायला शिकवावे लागत नाही. गिटारच्या तारा नेहमीच्या नाहीत. जाड तारेपासून डी, ए, डी, जी, ए, डी अशा लावल्या आहेत, त्यामुळे खाली खर्ज सतत घुमत राहतो. पेजने ही जुळणी १९६९ मध्येच 'ब्लॅक माउंटन साइड'मध्ये वापरली होती, आणि तिथे विराम जसानी यांचा तबला आहे. 'कश्मीर'मधली तंतुवाद्ये आणि पितळी वाद्ये वादक बोलावून घेतलेली खरी आहेत. त्यांत जोन्सचे मेलोट्रॉन (टेपवरचे आवाज वाजवणारे कळवाद्य) मिसळले आहे. 'स्टेअरवे'सारखी चढण इथे नाही, 'लेव्ही'सारखी दलदलही नाही. हे गाणे नुसते चालत राहते. प्लांटला शब्द सुचले ते दक्षिण मोरोक्कोच्या वाळवंटातल्या लांबलचक रस्त्यावर गाडी चालवताना. गाणे झाले तोवर बँडमधले कुणी काश्मीरला गेलेले नव्हते. 'काश्मीरच्या सौंदर्यावरील गीत' ही आपली ओळ म्हणून दुरुस्त व्हायला हवी.

पहिले 'लेव्ही' की 'कश्मीर', यावर आमच्यात सरळ दोन तट आहेत आणि जुलैत वंदना डेपोपाशी पाणी तुंबले की 'लेव्ही'वाल्यांचे पारडे जड होते. तिसरे 'सिन्स आय हॅव बीन लव्हिंग यू', चौथे 'अकिलीस लास्ट स्टँड', याबद्दल फारसा वाद नाही. अपघातानंतर चाकाच्या खुर्चीत बसून प्लांटने म्युनिकमध्ये गायलेले हे दहा मिनिटांचे गाणे यादीत नसणे, ही आपल्या मतदानाची सर्वांत मोठी चूक. 'स्टेअरवे' पाचवे. सहाव्यासाठी 'टेन इयर्स गॉन' आणि 'फूल इन द रेन' भांडतात. ड्रम वाजवणाऱ्यांना विचारले तर दुसरेच निवडतील, त्यातला अर्ध्या लयीचा शफल ठेका हाताला बसायला महिने जातात.

आणि एक, ठाणे-मुंबईच्या वाचकाला सांगण्यासारखे, जे त्या अर्ध्या पानात यायला हवे होते. ऑक्टोबर १९७२ मध्ये पेज आणि प्लांट मुंबईत आले आणि इथल्या वादकांना घेऊन त्यांनी 'फ्रेंड्स' आणि 'फोर स्टिक्स' ही दोन गाणी पुन्हा मुद्रित केली. तबल्यासकट. 'फोर स्टिक्स'चा पाच आणि सहा मात्रांचा हिशेब पाश्चात्त्य ढोलकऱ्यांना त्रास देतो. बॉनमने वैतागून दोन्ही हातांत दोन-दोन काठ्या घेतल्या, नाव त्यावरूनच पडले. ही मुंबईची मुद्रणे अधिकृतपणे बाहेर यायला २०१५ उजाडले. 'कोडा'च्या वाढीव आवृत्तीत ती आहेत, 'फोर स्टिक्स' तिथे 'फोर हँड्स' या नावाने. क्रमवारीत ती बसणार नाहीत. ऐकावीत मात्र नक्की.

पुन्हा मतदान घेणार असाल तर कुपनावर एका ओळीऐवजी पाच ओळी द्या आणि खाली आठ अल्बमची नावे चौकटींसह छापा. जो अल्बम पूर्ण ऐकला असेल त्यावरच वाचकाने खूण करायची. गाण्याला मिळालेले गुण त्या अल्बमवर खूण करणाऱ्यांच्या संख्येने भागायचे. एकूण मतदारांपैकी किमान एक तृतीयांश लोकांची खूण नसेल तर त्या अल्बमची गाणी वेगळी दाखवायची, नाहीतर चार कट्टर भक्त मिळून 'कारूसेलाम्ब्रा'सारख्या आडवळणाच्या गाण्याला पहिले आणतील. यातून निघालेली पहिली वीस गाणी घेऊन दहा-बारा जणांना एखाद्या सोसायटीच्या सभागृहात बसवा आणि जोड्या लावा: हे की ते. वीस गाण्यांच्या १९० जोड्या होतात. जोडीला पंधरा सेकंद धरले तर पाऊण तासाहून थोडे अधिक. सगळ्या ७३ गाण्यांच्या जोड्या लावायचा मोह होईल, पण त्या २,६२८ होतात. जोड्यांत कधी फुगडी होते: 'लेव्ही' 'कश्मीर'ला हरवते, 'कश्मीर' 'स्टेअरवे'ला आणि 'स्टेअरवे' पुन्हा 'लेव्ही'ला. अशा वेळी सर्वांत कमी फरकाने लागलेला निकाल सोडून द्यायचा. चिठ्ठ्या आधी, गप्पा नंतर, आणि स्पीकर रात्री दहाच्या आत बंद.

यादी पुन्हा छापाल तेव्हा 'कश्मीर'च्या शेजारी दल सरोवरातल्या शिकारा होडीचे छायाचित्र तेवढे नको.

आपले,
काही जुने झेपलिनप्रेमी
नौपाडा, ठाणे (प.)